आठ हजार डॉलर आणि शेजारची लॅब

ताई, नमस्कार.

मी सांगलीची, वय २६. न्यूयॉर्कमध्ये जीवशास्त्रात मास्टर्स करतेय, दुसरं वर्ष. डोक्यावर २२ लाखांचं शैक्षणिक कर्ज आहे, त्यासाठी बाबांचा प्लॉट बँकेकडे गहाण आहे. मी ज्या लॅबमध्ये पार्टटाइम काम करते, तिच्या शेजारच्या लॅबला संशोधनासाठी स्त्रीबीजं हवी आहेत. तब्येत चांगली हवी, सिगारेट ओढणारी नको, एका सायकलचे, म्हणजे इंजेक्शनांपासून बीजं काढेपर्यंतच्या एका फेरीचे, ८ हजार डॉलर. जाहिरात सगळीकडे लावलीय, पण मला ती तिथल्या पोस्टडॉकने (पीएचडीनंतर तिथे संशोधन करणाऱ्याने) स्वतः पाठवली. वर लिहिलं, ‘तुला यातलं सगळं कळतं, तू घाबरणार नाहीस.’ माझे गाईड आणि त्या लॅबचे प्रमुख यांचं बरंच काम एकत्र चालतं.

मला संशोधनाबद्दल मनापासून वाटतं आणि पैसेही हवे आहेत. मावसबहिणीला सांगितलं तर ती म्हणाली, ‘शरीर विकतेस का?’ आईला अजून बोललेले नाही. ती माझ्यासाठी स्थळं बघतेय. आपला अंश कुठे काचेच्या बशीत ठेवून आलीस, असं म्हणेल ती. पुढे मला मूल व्हायला अडचण येईल का, हेही मनात येतं. पैसे घेऊन बीज देणं चूक आहे का? भारतात असते तर हे चाललं असतं का? आणि आईला सांगू का?

– एस., न्यूयॉर्क

*

प्रिय एस.,

तुझे प्रश्न तीन-चार आहेत, पण माझी नजर अडकली ती तू जाता जाता लिहिलेल्या एका वाक्यावर. तुझे गाईड आणि त्या लॅबचे प्रमुख एकत्र काम करतात. हे वाक्य नसतं तर मी तुला ‘नीट चौकशी कर आणि तुझं तू ठरव’ असं लिहिलं असतं. आता स्पष्टच सांगते: या लॅबला देऊ नकोस. बीज देण्यात पाप आहे असं मला वाटत नाही, पैसे घेण्यात लाज आहे असं तर मुळीच वाटत नाही. पण जिथे तुझं शिफारसपत्र, तुझा पुढचा प्रवेश, तुझं पेपरवरचं नाव अडकलंय, तिथे तुझ्या ‘हो’ला वजन उरत नाही. तू मनापासून हो म्हणालीस तरी ते मनापासून होतं की नव्हतं, हे पुढे कुणालाच सांगता येणार नाही. तुलासुद्धा.

याचं उदाहरण तुझ्याच क्षेत्रातलं आहे. दक्षिण कोरियाचे ह्वांग वू-सुक तुझ्या अभ्यासात ‘खोटा डेटा’ या धड्याखाली येऊन गेले असतील. सोल नॅशनल युनिव्हर्सिटीतले हे प्राध्यापक. २००४ आणि २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी जाहीर केलं की मानवी भ्रूणाचं क्लोनिंग करून स्टेम सेल, म्हणजे शरीरातल्या इतर पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशी, मिळवल्या. देशाने डोक्यावर घेतलं. जानेवारी २००६ मध्ये दोन्ही पेपर मागे घेतले गेले, कारण क्लोनिंगने मिळवलेल्या पेशी मुळात नव्हत्याच. ही झाली सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट. पण त्यांचा डोलारा पहिल्यांदा हलला तो डेटावरून नाही, बीजांवरून. त्यांच्याच लॅबमधल्या दोन तरुण संशोधकांनी आपली बीजं दिली होती. एकीने २००४ मध्ये ‘नेचर’च्या बातमीदाराला तसं सांगितलं आणि मग लगेच फिरवलं, म्हणे माझं इंग्रजी कच्चं आहे, बोलण्यात चूक झाली. ह्वांगही दीड वर्ष नाहीच म्हणत राहिले. नोव्हेंबर २००५ मध्ये कबूल केलं. विद्यापीठाच्या चौकशीत पुढे आलं की लॅबमधल्या मुलींमध्ये स्वेच्छेने बीज देण्याच्या संमतीचे फॉर्म फिरवले गेले होते. स्वेच्छेने! साहेब फॉर्म फिरवतात, शेजारच्या टेबलावरची सही करते, मग आपण पेन खाली कसं ठेवायचं? एकूण शंभराहून जास्त स्त्रियांकडून दोन हजारांवर बीजं घेतली गेली, काहींना पैसे देऊन. एवढी इंजेक्शनं, एवढ्या भुली, आणि हाती क्लोनिंगची एकही पेशी नाही.

मला त्या प्रकरणातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट मात्र पुढची वाटते. कबुली दिल्यावर ह्वांग यांना पाठिंबा म्हणून हजारेक कोरियन स्त्रियांनी आपली बीजं द्यायची तयारी जाहीर केली. लॅबच्या वाटेवर देशाची राष्ट्रीय फुलं मांडली. त्यांना कुणी एक पैसा देऊ केला नव्हता. तेव्हा पैसा नसला की निर्णय शुद्ध असतो, हे मी तरी मानत नाही. देशप्रेम, सरांबद्दलचा आदर, ‘तू घाबरणार नाहीस’ अशी पाठीवरची थाप, यांनीही माणसाचा हात धरून सही होते. तुझ्या पोस्टडॉकच्या मनात काही वाईट असेल असं नाही. पण जाहिरात भिंतीवर असणं आणि तुझ्या इनबॉक्समध्ये येणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जो संशोधकावर अवलंबून आहे त्याची संमती त्या नात्याबाहेरच्या, स्वतंत्र अशा जाणकार माणसाने घ्यावी, असं हेलसिंकी जाहीरनामा, म्हणजे माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची जागतिक नीतितत्त्वं, सांगतो. हे त्या मुलाला ठाऊक असायला हवं.

आता मावसबहिणीकडे येते. ‘शरीर विकतेस का’ हा प्रश्न तिने रागात विचारला, पण तो मोठमोठ्या लोकांनी मोठमोठ्या पदांवर बसूनही विचारलेला आहे. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात संशोधनासाठी बीज देणाऱ्या स्त्रियांना मोबदला द्यायची परवानगी देणारं विधेयक मंजूर झालं होतं. गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी ते परत पाठवलं. त्यांच्या म्हणण्याचा आशय, आयुष्यात सगळं काही विकायला नसतं आणि नसावंही. वाक्य छान आहे, भिंतीवर लावावं असं. पण त्याच कॅलिफोर्नियात तीच मुलगी तेच बीज मूल नसलेल्या जोडप्याला देत असेल तर हजारो डॉलर मोजून घ्यायला तेव्हाही मुभा होती. म्हणजे जोडप्याचे डॉलर सोवळ्यातले आणि प्रयोगशाळेचे ओवळ्यातले! २०१९ मध्ये तिथला कायदा बदलला. तुझ्या न्यूयॉर्कने हा पेच आधीच, २००९ मध्ये सोडवला होता. राज्याच्या स्टेम सेल मंडळाने संशोधनाच्या सरकारी निधीतून १० हजार डॉलरपर्यंत मोबदला द्यायला परवानगी दिली, अमेरिकेत असं करणारं ते पहिलं राज्य. त्याच सुमारास हार्वर्डचे संशोधक मोबदला न देता बीजं मागत होते. जाहिराती झाल्या, फोन आले, दाता जवळजवळ कुणी मिळालं नाही. नंतर न्यूयॉर्कमध्ये ८ हजार डॉलर देऊन मिळवलेल्या बीजांवरचं काम २०११ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं.

म्हणून ‘फुकट दिलं असतंस का?’ हा प्रश्न मी तुला विचारणार नाही. तो फक्त बाईलाच विचारला जातो. भूलतज्ज्ञ फी घेतो, सोनोग्राफी करणारी पगार घेते, पोस्टडॉकला स्टायपेंड मिळतो, औषध कंपनीला इंजेक्शनांचे पैसे मिळतात, आणि जिच्या पोटात सुई जाते तिने तेवढं दान करायचं. औषधांच्या चाचण्यांत भाग घेणाऱ्या पुरुषाला मानधन मिळतं तेव्हा त्याला कुणी शरीर विकलंस म्हणत नाही.

पण मोबदला कशाचा, ते बघ. तुझ्या वेळेचा, त्रासाचा, जोखमीचा असेल तर ठीक. बीजांच्या संख्येवर असेल तर तिथून उठून ये. पाच निघाली तर इतके, पंधरा निघाली तर इतके, असा हिशेब आला की औषधाचा डोस वाढवण्यात सगळ्यांचाच फायदा दिसायला लागतो, तुझ्यासकट. पाच आली काय, पंचवीस आली काय, रक्कम तीच राहायला हवी. आणि मधेच सायकल थांबवावी लागली, डॉक्टरने थांबवली किंवा तूच नको म्हणालीस, तर झालेल्या दिवसांचे पैसे मिळतात का, तेही लेखी हवं. शेवटच्या दिवशीच सगळी रक्कम हातात पडणार असेल तर नवव्या दिवशी पोट फुगलेलं असताना तू नको म्हणशील का? मला शंका आहे.

तुला एक वेगळा प्रश्न विचारते. उद्या सकाळी बाबांचा फोन आला की प्लॉट सुटला, कर्ज फिटलं, तर तू ही जाहिरात पुन्हा उघडशील का? ८ हजार मिळणारच आहेत असं धरून. उघडशील, कारण काम महत्त्वाचं वाटतं आणि दोन-तीन आठवड्यांच्या त्रासाची ही रक्कम बरी वाटते, असं उत्तर आलं तर तुझा निर्णय तुझा आहे. जाहिरात नजरेसमोरही नको वाटली तर निर्णय बँकेने घेतलाय. शिवाय हिशेब तरी कर. ८ हजार डॉलर म्हणजे सात लाखांच्या आसपास. अमेरिकेत ही रक्कम करपात्र उत्पन्न धरली जाते, २०१५ मध्ये तिथल्या कर न्यायालयाने तसा निकालच दिलाय. कर जाऊन उरेल ते २२ लाखांच्या पाव-तिजाईएवढं. प्लॉट तेवढ्यावर सुटत नाही. मग दुसऱ्या सायकलचं बोलावणं येतं. पहिली सुखरूप पार पडलेली असते, आकडा ओळखीचा असतो. तिथल्या प्रजनन तज्ज्ञांच्या संस्थेने एका स्त्रीने सहापेक्षा जास्त सायकल करू नयेत असं सुचवलंय, पण तो सल्ला आहे, कायदा नाही. तू स्टुडंट व्हिसावर आहेस, तेव्हा असं उत्पन्न चालतं का हे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारल्याशिवाय एक पाऊलही टाकू नकोस. मैत्रिणीने घेतले म्हणून चालतं, असं धरू नकोस.

शरीराचं. मी डॉक्टर नाही, पण एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीत बिगरवैद्यकीय सदस्य म्हणून बरीच वर्षं बसले आहे. तिथे माझं काम एकच, संमतीचा फॉर्म दवाखान्यात पहिल्यांदा आलेल्या बाईच्या नजरेने वाचायचा. एकदा एका अभ्यासाच्या फॉर्मवर लिहिलं होतं, ‘किरकोळ त्रास संभवतो.’ किरकोळ म्हणजे काय, विचारलं. संशोधक म्हणाले, उलट्या, फार तर दोन दिवस. मी म्हटलं, दोन दिवस उलट्या झालेली बाई कामावर जाणार कशी, आणि बुडालेला रोज कोण देणार? त्यांनी खिशातून पेन काढलं. फॉर्म बदलला, रोजाची तरतूदही झाली. ‘किरकोळ’, ‘क्वचित’, ‘सहसा’ हे शब्द दिसले की तिथे बोट ठेवायचं, एवढं मी तिथे शिकले.

तुला काय करावं लागेल ते तुला वरवर माहीत असेल, पण पुस्तकात वाचणं वेगळं. दहा-बारा दिवस रोज पोटात इंजेक्शन, बहुतेक तुलाच घ्यावं लागेल. एक-दोन दिवसांआड रक्त आणि सोनोग्राफी. ही सोनोग्राफी पोटावरून होत नाही, योनीमार्गातून होते. आधी कधी केली नसशील तर याची कल्पना असू दे, ऐन टेबलावर कळायला नको. मग ट्रिगरचं, म्हणजे बीजं पूर्ण पिकवणारं, इंजेक्शन, आणि साधारण ३५-३६ तासांनी भूल देऊन, योनीमार्गातूनच सुईने बीजं शोषून घेतात. काम अर्ध्या तासाचं. त्या दिवशी घरी न्यायला माणूस लागतो.

बीजं संपतात का? नाही. दर महिन्याला अंडाशयात बीजांचा एक ताफा वाढायला लागतो, त्यातलं एक पुढे जातं, बाकीची जिरून जातात. इंजेक्शनं त्या जिरणाऱ्यांना वाचवतात, पुढच्या महिन्यांच्या शिलकीला हात लावत नाहीत. तेव्हा ‘साठा संपेल’ ही भीती काढून टाक. खरी भीती अंडाशय वाजवीपेक्षा जास्त उत्तेजित होण्याची. पोटात पाणी साठतं, श्वास लागतो, रक्ताच्या गाठी होऊ शकतात. गंभीर प्रकार शंभरात एखादीला होतो असं सांगतात, पण तरुण, सडपातळ आणि भरपूर बीजं असलेल्या मुलींना जास्त, म्हणजे लॅबला नेमक्या हव्या असतात त्यांनाच. पीसीओडी असेल तर माझ्या मते विषय तिथेच संपला. ट्रिगरसाठी कोणतं इंजेक्शन देणार, हे विचार. नेहमीच्या एचसीजी या हार्मोनऐवजी ल्युप्रोनसारखं औषध वापरलं तर हा धोका बराच उतरतो, आणि गर्भ तुझ्या पोटात ठेवायचाच नसल्यामुळे ते न वापरायला सबळ कारण नसतं. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, अंडाशयाला पीळ पडणं हे दुर्मीळ, पण झालं तर पुढच्या मुलाबाळांवर परिणाम होऊ शकतो. वीस वर्षांनी काय, याचं उत्तर अर्धवट आहे. आयव्हीएफ (शरीराबाहेर बीज फलित करण्याचे उपचार) घेतलेल्या बायकांवरून काढलेले निष्कर्ष धीर देणारे आहेत, पण बीज देणाऱ्या निरोगी मुलींचा पुढे माग ठेवणारी देशव्यापी नोंद अमेरिकेत नाही. त्यांना पैसे मिळाले, त्या घरी गेल्या, विषय संपला.

आणि काही झालं तर बिल कोण भरणार? फॉर्ममधली ही एक ओळ बाकी सगळ्या पानांपेक्षा महत्त्वाची. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत संशोधनात इजा झाली तर भरपाई द्यायचं बंधन नाही. बंधन एवढंच की किरकोळीपेक्षा जास्त जोखीम असेल तर भरपाई किंवा उपचार मिळणार का, ते फॉर्मवर लिहायचं. ‘मिळणार नाहीत’ असं लिहिलं तरी नियम पाळला गेला! तुझा स्टुडंट इन्शुरन्स या गुंतागुंतीला चालतो का, हे विमा कंपनीकडून लेखी घे. न्यूयॉर्कमधला इमर्जन्सी रूमचा एक दिवस ८ हजारांतला किती भाग खाईल, याचा अंदाज तुला माझ्यापेक्षा जास्त आहे.

आता अंश. आईचं हे म्हणणं हसण्यावारी नेऊ नकोस, त्याला दोन बाजू आहेत. मूल जन्माला येणार नाही, हे खरं. संशोधनासाठी घेतलेलं बीज गर्भाशयात जाणार नाही, हे फॉर्मवर स्वच्छ लिहिलेलं असायला हवं. काही एजन्सी एकाच जाहिरातीत दोन्ही कामांसाठी मुली गोळा करतात, तिथे डोळे उघडे ठेवायचे. पण बीजावर काय करणार, हे विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे. त्यातला केंद्रक काढून दुसऱ्या कुणाच्या पेशीचा घालणार? शुक्राणूशी संयोग करून भ्रूण बनवणार? बनवला तर किती दिवस वाढवणार? ब्रिटनच्या वॉर्नॉक समितीने १९८४ मध्ये घातलेली १४ दिवसांची वेस जगभर मानली गेली. २०२१ मध्ये स्टेम सेल संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ती जरा सैल केली. तुला भ्रूण बनवण्याला हरकत नसेल, किंवा असेल. दोन्ही चालतं, पण ते सहीच्या आधी कळलं पाहिजे. भ्रूण बनवणाऱ्या किंवा नष्ट करणाऱ्या संशोधनाला अमेरिकेत १९९६ पासून केंद्र सरकारचा पैसा मिळत नाही. म्हणून या लॅबचा खर्च कोण करतंय, एखादी कंपनी मागे आहे का, तेही विचार. तुझ्या बीजापासून पेशींची एक ओळ (लॅबमध्ये वाढतच राहणारा पेशींचा वंश) तयार झाली तर ती तुझ्यापेक्षा जास्त जगेल, देशोदेशींच्या फ्रीजरमध्ये जाईल, तुझा डीएनए घेऊन. त्यातून कुणी औषध काढून श्रीमंत झालं तरी तुझा वाटा नाही. बीज गोठवून पडलेलं असेपर्यंत तू माघार घेऊ शकतेस, पेशी बनून वाटल्या गेल्या की नाही. आईच्या शब्दांत सांगायचं तर अंश राहतोच, पण माणूस म्हणून नाही.

हे सगळं वाचून तुझा उत्साह मावळावा असा माझा हेतू नाही. बीजांवाचून होणारच नाही असं काम आहे. रॉबर्ट एडवर्ड्स यांनी १९६० च्या दशकात शस्त्रक्रियेत काढलेल्या अंडाशयांच्या तुकड्यांवर वर्षानुवर्षं काम केलं, त्यातून आयव्हीएफ आलं आणि २०१० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ते तुकडे कुणाचे होते, हे विचारायची तेव्हा पद्धत नव्हती. आईकडून मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाचा) जीवघेणा आजार बाळाला जाऊ नये म्हणून न्यूकॅसलमध्ये जे तंत्र उभं राहिलं, त्याच्या २०१६ च्या एका अभ्यासात ६४ स्त्रियांनी दिलेली पाचशेहून जास्त बीजं वापरली होती. त्या तंत्राने आठ बाळं जन्मल्याची बातमी जुलै २०२५ मध्ये आली. ब्रिटनमध्ये बीज देणाऱ्या स्त्रीला ठरावीक भरपाई मिळते, २०२४ च्या ऑक्टोबरपासून हजार पौंडांच्या जरा आत. तुझ्या आठ हजारांपुढे अगदीच कमी, तरी तिथे स्त्रिया देतात.

भारतात चाललं असतं का? तुझ्या मनात आहे तसं नाही. २०२१ च्या एआरटी, म्हणजे सहाय्यित प्रजननाच्या कायद्यानुसार बीज देणारी २३ ते ३५ वयाची हवी, आयुष्यात एकदाच देता येतं, सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत, आणि बीज घेणाऱ्या जोडप्याने तिचा बारा महिन्यांचा विमा उतरवावा लागतो. संशोधनासाठी बीज किंवा भ्रूण देशाबाहेर पाठवायला पूर्ण बंदी आहे. देशात संशोधन होऊ शकतं, पण नियमांच्या चौकटीत. साठवणीची दहा वर्षं संपल्यावर बीज किंवा भ्रूण नष्ट होऊ द्यायचं, नाहीतर संबंधितांच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचं, अशी सोय आहे. मुंबईत परळला आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) संस्थेत टाकून द्यायच्या भ्रूणांपासून स्टेम सेलच्या भारतीय ओळी तयार झाल्या आहेत, कुणाला त्यासाठी वेगळी सुई न टोचता. हा कायदा इतका घट्ट का झाला, तर आपल्याकडे काय काय झालं ते आठवून. २०१० मध्ये मुंबईत १७ वर्षांची एक मुलगी बीज दिल्यानंतर दगावली. ते संशोधनासाठी नव्हतं, आणि तिने आधीही दिलं होतं. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिच्या घरचा खर्च आणि तुझं कर्ज यांची बरोबरी होत नाही. तुझ्याकडे शिक्षण आहे, फॉर्म वाचता येतो, नाही म्हणता येतं. ते वापर.

राहिली आई. तू २६ वर्षांची आहेस, परवानगी मागायची गरज नाही. पण ठरवलंस तर आधी सांग. सांगलीत बसून तिला कागदावरचं काही बदलता येणार नाही, पण मला खात्री आहे, अंशाच्या आधी ती विचारेल, ‘तुला काही झालं तर तिथे तुझ्याजवळ कोण आहे?’ त्या प्रश्नाला तुझ्याकडे एका माणसाचं नाव हवं, जो त्या दिवशी तुला घरी आणेल आणि पुढचे चार दिवस लक्ष ठेवेल. नसेल तर देऊ नकोस. बाकी तिला समजणार नाही असं धरून चालू नकोस. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून हर्षा ही टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हा आपल्याकडे घराघरांत त्यावर चर्चा झाली होती. नळीत मूल वाढतं का, असं विचारणाऱ्या बायकांना दोन वर्षांत सगळं समजलं होतं.

स्थळांना सांगायचं कारण नाही. अपेंडिक्स काढलं होतं का, हे बायोडेटात लिहितो का आपण? ज्याच्याशी लग्न करायचं पक्कं होईल त्याला सांग, कबुलीजबाब देतात तसं नाही, माहिती म्हणून. त्यावर त्याचा चेहरा कसा होतो ते तुलाही कळलेलं बरं.

तेव्हा आज एवढंच कर. पोस्टडॉकला दोन ओळी लिही: ‘आपल्या दोन्ही लॅबचं काम एकत्र चालतं, त्यामुळे मला या अभ्यासात दाता म्हणून भाग घेता येणार नाही.’ पुढे कारणमीमांसा नको, माफी नको. गाईडला त्या मेलमध्ये सीसी करू नकोस. पुन्हा विचारणा झाली, किंवा गाईडच्या बोलण्यात विषय निघाला, तर विद्यापीठाच्या आयआरबी ऑफिसला, म्हणजे माणसांवरच्या संशोधनावर नजर ठेवणाऱ्या नीतिसमितीला, कळव. तक्रार म्हणून कळवायची नसेल तर चौकशी म्हणून कळव, त्यांना तेवढं पुरतं. मग सेमिस्टर संपू दे. तेव्हाही मनात असेल तर दुसऱ्या संस्थेतला, तुला कुणी ओळखत नाही असा अभ्यास शोध, त्यांचा फॉर्म घरी आणून दोनदा वाच, आणि इजेच्या भरपाईचं पान मला पाठव.

– ताई